लाखाचे घर साठ लाखांचे कसे होते?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ज्या काळात ती रूढ झाली, त्या काळीही घर महागच वाटत असणार! घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना घरांच्या किमतींबद्दल विचारून पाहा. ‘तेव्हा लाखभर रुपये आणायचे कुठून, म्हणून घर घेतले नाही, आता तेच साठ लाखांना गेले,’ अशा तऱ्हेची एखादी हकिगत पुष्कळ कुटुंबांत सांगितली जाते. ती ऐकून आपण हळहळतो. पण विज्ञानाचा विद्यार्थी हळहळण्यापूर्वी एक प्रश्न विचारील. घर साठपट महाग झाले, की रुपया स्वस्त झाला? आणि दोन्ही झाले असेल, तर कोणते किती?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याचे कारण नाही. ते मोजता येते. त्यासाठी दोनच साधने लागतात. एक, तुम्ही शाळेत शिकलेले चक्रवाढ व्याज. आणि दुसरे, किंमत निर्देशांक.

आखूड होणारी मोजपट्टी

समजा, तुमच्याजवळची मोजपट्टी दरवर्षी थोडी थोडी आकसते आहे. अशा पट्टीने तुम्ही एकच फळी दरवर्षी मोजलीत, तर काय आढळेल? फळी दरवर्षी ‘वाढताना’ दिसेल. वास्तविक फळी आहे तेवढीच आहे, पट्टी लहान होते आहे. पैशाचेही तसेच आहे. आपण सर्व वस्तूंची किंमत रुपयात मोजतो, आणि रुपयाची क्रयशक्ती, म्हणजे वस्तू विकत घेण्याची शक्ती, वर्षानुवर्षे घटत जाते. यालाच आपण महागाई किंवा चलनवाढ म्हणतो.

पट्टी किती आकसली हे कळण्यासाठी एक युक्ती करतात. सामान्य कुटुंबाला लागणाऱ्या वस्तूंची एक टोपली कल्पनेने भरायची. तीत धान्य, तेल, कापड, इंधन, औषधे, प्रवास, घरभाडे असे सर्व काही ठरावीक प्रमाणात घ्यायचे. एका वर्षी या टोपलीला जो खर्च येतो, तो १०० मानायचा. ते वर्ष म्हणजे आधारवर्ष. पुढे तीच टोपली घ्यायला किती पडतात ते पाहायचे. खर्च दुप्पट झाला, तर निर्देशांक २००.

आपल्याला घरांचा विचार करायचा आहे, म्हणून घर विकल्यावर झालेल्या नफ्यावरील कर मोजण्यासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला खर्च-चलनवाढ निर्देशांक घेऊ. १९८१-८२ साल १०० धरले, तर त्याचे आकडे असे आहेत :

१९८१-८२ : १००
१९९१-९२ : १९९
२००१-०२ : ४२६
२०११-१२ : ७८५
२०२४-२५ : सुमारे १५४६

(२०१७ पासून या निर्देशांकाचे आधारवर्ष बदलून २००१-०२ करण्यात आले. त्या नव्या मालिकेत २०२४-२५ चा आकडा ३६३ आहे. ३६३ ला ४.२६ ने गुणून तो जुन्या मापात आणला आहे.)

याचा अर्थ असा, की १९८१-८२ साली १०० रुपयांत जे होत असे, त्यासाठी ४३ वर्षांनी सुमारे १५४६ रुपये लागू लागले. शिवाय हा निर्देशांक थोडा हात राखूनच काढलेला असतो. शहरी ग्राहक किमतींत जी सरासरी वाढ होते, तिचा फक्त ७५ टक्के भाग त्यात धरावा असे कायद्यात म्हटले आहे. तेव्हा प्रत्यक्ष महागाई याहून काहीशी अधिकच होती.

बहात्तरचा नियम

आता चक्रवाढीकडे वळू. दरसाल ठरावीक टक्क्यांनी वाढणारी रक्कम किती वर्षांनी दुप्पट होईल, हे तोंडी काढायचा एक सोपा नियम आहे. ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागा. ६ टक्के वाढ असेल, तर १२ वर्षे. ८ टक्के असेल, तर ९ वर्षे. ४ टक्के असेल, तर १८ वर्षे. उत्तर अगदी काटेकोर नसते. पण नेहमीच्या दरांना पुरेसे जवळचे असते.

वरच्या तक्त्यावर तो पडताळून पाहा. १९८१-८२ ते १९९१-९२ या दहा वर्षांत निर्देशांक जवळजवळ दुप्पट झाला. ७२ भागिले १० म्हणजे ७.२. तेव्हा दर साल सुमारे ७ टक्के वाढ झाली असली पाहिजे. लॉगॅरिथमने उत्तर काढले, तर ते ७.१ येते.

आता ३६ वर्षांचा काळ घ्या. एका माणसाची साधारण नोकरी तेवढीच असते. ४ टक्क्यांनी या काळात दोनदा दुप्पट, म्हणजे ४ पट. ६ टक्क्यांनी तीनदा दुप्पट, म्हणजे ८ पट. ८ टक्क्यांनी चारदा दुप्पट, म्हणजे १६ पट. दर ४ वरून ८ झाला, म्हणजे दुप्पट झाला. पण परिणाम ४ पटींवरून १६ पटींवर गेला! एक-दोन टक्क्यांचा फरक एका वर्षात जाणवतही नाही, पण काही दशकांत तो सारे चित्र पालटून टाकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

साठपटीची फोड

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८१-८२ साली १ लाखाला घेतलेले एक घर २०२४-२५ साली ६० लाखांना विकले गेले असे धरू. हे उदाहरण कल्पित आहे, पण हिशोब खरा करायचा आहे.

किंमत ६० पट झाली. या काळात निर्देशांक १५.४६ पट झाला. म्हणजे घराची किंमत फक्त महागाईइतकीच वाढली असती, तरी ते १५ लाख ४६ हजारांना गेले असते. ६० ला १५.४६ ने भागले, की ३.९ येतात. सारांश, घर साठपट महाग झालेलेच नाही. इतर वस्तूंच्या मानाने ते सुमारे ३.९ पट महाग झाले. उरलेली वाढ आकसणाऱ्या पट्टीमुळे दिसणारी वाढ होती.

हेच वार्षिक दरात मांडू. ४३ वर्षांत ६० पट म्हणजे दरसाल सुमारे १० टक्के चक्रवाढ. निर्देशांकाची वाढ दरसाल सुमारे ६.६ टक्के. दोन्हींमधील फरक, म्हणजे घराची खरी वाढ, ३ टक्क्यांहून थोडी जास्त.

एका घरात दोन वस्तू

पण घर इतर वस्तूंहून अधिक का महाग व्हावे? याचे कारण घराच्या घडणीत आहे. घर म्हणजे एक वस्तू नव्हे. त्यात दोन वस्तू असतात. एक बांधकाम आणि दुसरी त्याखालची जमीन.

विटा, सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे भाव साधारणपणे इतर वस्तूंबरोबर वाढतात. मागणी वाढली, तर सिमेंटचा आणखी एक कारखाना काढता येतो. जमिनीचा कारखाना काढता येत नाही. शिवाय बांधकाम वर्षानुवर्षे झिजत जाते, जमीन झिजत नाही.

आपल्या उदाहरणात १ लाखापैकी ४० हजार बांधकामाचे आणि ६० हजार जमिनीचे होते असे समजा. बांधकाम १५.५ पट महागले, तर तेवढेच नवे बांधकाम करायला ६ लाख २० हजार लागतील. ६० लाखांतून ते वजा केले, की ५३ लाख ८० हजार उरतात. ही जमिनीची किंमत. ६० हजारांचे ५३ लाख ८० हजार, म्हणजे जवळजवळ ९० पट! तेव्हा ‘घर महाग झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतांशी जमीन महाग झालेली असते.

मुंबईचे उदाहरण पाहा. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ साली सुमारे ३० लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे १ कोटी २४ लाख भरली. माणसे चौपट झाली, पण समुद्राने वेढलेली जमीन चौपट होणे शक्य नव्हते. एका भूखंडावर एकूण किती मजल्यांचे क्षेत्र बांधावे, यालाही मर्यादा असते. तिला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तो मुंबई शहरात साधारणपणे १.३३ आणि उपनगरांत १ होता. म्हणजे १००० चौरस मीटरच्या भूखंडावर शहरात १३३० चौरस मीटर मजले. अशी मर्यादा पाणी, रस्ते, गटारे यांवरील ताण आवरण्यासाठी घालतात. पण तिच्यामुळे घरांची संख्याही मर्यादित राहते, आणि जी असतात त्यांची किंमत चढते. शहराने किती उंच वाढावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ स्थापत्याचा राहत नाही; तो तुमच्या-आमच्या खिशाचाही असतो.

भाडे गोठवले तर?

घरांचे भाव वाढतात, तर कायद्याने ते थांबवावेत, असे तुम्हाला वाटेल. हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकू लागली. पुढे १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच साधारणपणे ‘प्रमाणभूत भाडे’ ठरवण्यात आले. या कायद्यामुळे चाळींतून राहणाऱ्या हजारो कुटुंबांना आधार मिळाला. घरमालक मनाला येईल तेव्हा बाहेर काढील ही भीती गेली. टंचाईच्या काळात तो उपाय गरजेचा होता.

पण भाडे गोठले, तरी महागाई गोठली नाही. महिना १० रुपये भाड्याची एक खोली घ्या. आपल्या तक्त्यानुसार १९८१-८२ ते २००१-०२ या वीस वर्षांतच वस्तू ४.२६ पट महागल्या. म्हणजे त्या १० रुपयांची क्रयशक्ती केवळ २ रुपये ३५ पैशांइतकी उरली. १९४० पासूनची घट तर याहून कितीतरी मोठी. मात्र तुळई बदलण्याचा, छपराची गळती काढण्याचा खर्च महागाईबरोबर वाढतच गेला. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना. मग मालकांनी दुरुस्ती करणे सोडून दिले. जुन्या इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्या आणि त्यांत माणसे मेली. अखेर १९६९ साली सरकारला इमारत दुरुस्ती मंडळासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला. अशा घरांना ‘उपकरप्राप्त इमारती’ म्हणतात.

दुसरीकडे ‘पागडी’ची प्रथा फोफावली. कागदावरचे भाडे नाममात्र. पण खोलीत शिरतानाच एकरकमी मोठी रक्कम द्यायची. जुन्या कायद्यानुसार हा गुन्हा होता, तरी तो सर्रास चाले. बाजारभाव एका दाराने आत येऊ दिला नाही, तेव्हा तो दुसऱ्या दाराने आला!

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की भाडे असे कायमचे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरसाल ४ टक्के भाडेवाढीची तरतूद आहे. बहात्तरचा नियम लावून पाहा. ही वाढ चक्रवाढीने धरली, तर भाडे १८ वर्षांनी दुप्पट होईल. महागाई ६ टक्के राहिली, तर ३६ वर्षांत वस्तू ८ पट आणि भाडे ४ पट होईल. म्हणजे खऱ्या मोलाने भाडे निम्म्यावर येईल. पण गोठलेल्या भाड्याच्या मानाने ही घट पुष्कळच सावकाश आहे.

या प्रकरणात भाडेकरू चूक की मालक, असा निवाडा आपल्याला करायचा नाही. आकड्याने ठरवलेली कोणतीही रक्कम, मग ते भाडे असो, निवृत्तिवेतन असो की शिष्यवृत्ती असो, महागाईशी जोडली नाही, तर ती आपोआप वितळत जाते, हे मात्र ध्यानात घ्या.

हप्ता वितळतो, भाडे फुगते

याच वितळण्याचा फायदा एका माणसाला होतो. तो म्हणजे कर्जदार. समजा, एकाने २० लाख रुपयांचे कर्ज दरसाल ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो. दर कायम राहिला, तर पहिला आणि शेवटचा हप्ता सारखाच. पण ६ टक्के महागाईत वीस वर्षांत वस्तू ३.२ पट महागतात. म्हणून शेवटच्या हप्त्याचे आजच्या मोलाने वजन सुमारे ५,४०० रुपयेच असेल. याउलट १५,००० रुपये भाड्याने राहणाऱ्याचे भाडे महागाईबरोबर वाढत गेले, तर ते वीस वर्षांनी सुमारे ४८,००० होईल.

मग कर्ज देणारा फसतो काय? नाही. तोही हिशोबी असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी दाखवून दिले, की व्याजाच्या दरात अपेक्षित महागाई आधीच मिसळलेली असते. ८.५ टक्क्यांतून ६ टक्के महागाई वगळली, की खरे व्याज सुमारे अडीच टक्केच उरते. शिवाय आपल्याकडील पुष्कळशी गृहकर्जे बदलत्या दराची असतात. महागाई भडकली, की व्याजदर चढतात आणि हप्ताही वाढतो. म्हणून ‘कर्ज काढा, महागाई ते फेडील’ हा सल्ला डोळे मिटून मानू नये.

खरी शर्यत पगाराशी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सर्व किमती वाढल्या आणि पगारही त्याच प्रमाणात वाढले, तर कोणाचेच फारसे बिघडत नाही. पट्टी आकसली, तरी फळी आणि खांब यांचे प्रमाण तेच राहते. म्हणून घर परवडते की नाही, हे रुपयांत मोजू नये. ते वर्षांत मोजावे. घराची किंमत म्हणजे किती वर्षांचा पगार?

समजा, आज एक घर ५ वर्षांच्या पगाराइतके आहे. पगार दरसाल ८ टक्क्यांनी वाढतात आणि घरांच्या किमती १० टक्क्यांनी. फरक फक्त २ टक्क्यांचा. ७२ भागिले २ म्हणजे ३६. तेव्हा ३६ वर्षांत हे गुणोत्तर जवळजवळ दुप्पट होईल. वडिलांना जे घर ५ वर्षांच्या पगारात मिळाले असते, त्यासाठी मुलाला जवळजवळ १० वर्षांचा पगार लागेल. महागाईचा दर कितीही असो, पिढ्यांमधील हे अंतर तिने पडत नाही. ते या दोन टक्क्यांनी पडते. ज्याच्या वडिलांचे घर आहे आणि ज्याच्या वडिलांचे नाही, अशा दोन वर्गमित्रांमधील दरीही याच दोन टक्क्यांनी रुंदावते.

किमती नेहमीच वाढतात का?

नाही. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. त्याच्या काठच्या घरांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी शतकानुशतके जपलेल्या आहेत. पीट आइखहोल्ट्स या अर्थशास्त्रज्ञाने त्यांवरून १६२८ ते १९७३ या काळाचा निर्देशांक तयार केला. महागाई वजा केली, तेव्हा आढळले, की या सुमारे साडेतीनशे वर्षांत त्या घरांची खरी किंमत केवळ दुप्पट झाली! ७२ ला ३५० ने भागा. दरसाल जेमतेम ०.२ टक्के.

जपानमध्ये १९९१ च्या सुमारास जमिनीचे भाव शिखराला पोचले आणि नंतर दहा वर्षांहून अधिक काळ उतरत गेले. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांच्या किमती चतुर्थांशाहून अधिक खाली आल्या आणि कर्ज काढून घरे घेतलेली असंख्य कुटुंबे अडचणीत आली. तेव्हा ‘घराची किंमत कधी उतरत नाही’ हे विधान विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही. मुंबईसारख्या वाढत्या शहरात काही दशके जे घडले, ते सर्वत्र आणि सर्वकाळ घडेलच असे नाही.

करून पाहा

एका वहीत चार रकाने आखा : साल, घरभाडे किंवा घराची किंमत, घरातील कमावत्या माणसाचा मासिक पगार, आणि एक लिटर दुधाचा भाव. घरातील व शेजारच्या वयस्कर मंडळींना विचारून जमतील तितक्या वर्षांचे आकडे मिळवा. शक्य तेथे जुनी पावती, भाडेचिठ्ठी किंवा पासबुक पाहा, कारण स्मरणशक्तीही त्या पट्टीसारखी आकसते! मग प्रत्येक रकान्यातील पहिला आकडा १०० धरून बाकीचे निर्देशांकात मांडा आणि चारही रेषा एकाच आलेखावर काढा. कोणती रेषा सर्वांत पुढे धावते आणि कोणती मागे राहते? वर्गातील निरनिराळ्या गावांच्या मुलांचे आलेख शेजारी शेजारी लावले, तर शिक्षकांना त्यावर एक तास सहज घेता येईल.

शेवटी तीन उदाहरणे :

१. किंमत दरसाल ९ टक्क्यांनी वाढली, तर ४० वर्षांत ती सुमारे किती पट होईल?

२. १९९१-९२ साली ५ लाखांना घेतलेले घर २०११-१२ साली ३० लाखांना विकले. वरचा तक्ता वापरून त्याची खरी वाढ किती पट झाली ते काढा.

३. १९८१-८२ साली महिना ५०० रुपये असलेले भाडे तसेच गोठून राहिले. २०२४-२५ साली त्याचे मोल १९८१-८२ च्या रुपयांत किती उरले?

(उत्तरे : १. सुमारे ३२ पट. २. सुमारे १.५ पट. ३. सुमारे ३२ रुपये.)